ढालीवरची रिकामी जागा : सांगलीतील एका हौशी पूल स्पर्धेच्या जुन्या विजेत्यांचा शोध

पार्श्वभूमी

सांगलीच्या विश्रामबाग परिसरातील एका खाजगी क्लबाने आपल्या वार्षिक हौशी पूल (बिलियर्ड्सच्या कुळातला, टेबलावर काठीने बॉल ढकलून खेळायचा खेळ) स्पर्धेच्या आजवरच्या सर्व विजेत्यांची नावे असलेला फलक दर्शनी भिंतीवर लावण्याचे ठरवले. अलीकडची काही वर्षे सोडली तर पूर्ण यादी कोणाकडेच नाही, हे कार्यकारिणीच्या लक्षात आले ते फलकाचे माप रंगाऱ्याला देऊन झाल्यानंतर. स्पर्धा नव्वदच्या दशकात, म्हणजे बारा फुटी स्नूकर टेबल न परवडणाऱ्या लहान शहरांत सात-आठ फुटी पूल टेबले येऊ लागली त्या काळात सुरू झाली होती. पहिल्या पिढीतले खेळाडू आता पन्नाशी-साठीत आहेत, काही हयात नाहीत, काही पुण्या-मुंबईला स्थायिक झाले आहेत. यादी तयार करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले आणि ते कसे पार पडले याची ही नोंद आहे. क्लबाचे व खेळाडूंचे नाव जाणीवपूर्वक दिलेले नाही. एका ठिकाणी आडनाव दिल्यावाचून गत्यंतर नव्हते, तिथे ते दिले आहे; ते पाटील असल्यामुळे या जिल्ह्यात त्यावरून कोणाचा माग लागेल अशी भीती नाही.

ज्या जिल्ह्याच्या तालमींत १९६१ पासूनचे महाराष्ट्र केसरी तोंडपाठ असणारी माणसे आजही भेटतात, तिथे एका स्पर्धेचे विजेते पंचवीस-तीस वर्षांत हरवावेत हे पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटते. परंतु विजेत्यांची नावे टिकतात ती खेळाच्या थोरवीमुळे नव्हे, नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणावर तरी असते म्हणून. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये मिळवलेली जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपदे, मायकेल फरेरा यांची १९७७, १९८१ व १९८३ ची अजिंक्यपदे, ओम अगरवाल यांचे १९८४ चे डब्लिनमधले जागतिक हौशी स्नूकर विजेतेपद, हे सारे आज घरबसल्या सापडते, कारण त्यामागे संघटना होत्या आणि त्या संघटनांना दप्तर होते. आमच्या स्पर्धेचे दप्तर म्हणजे त्या त्या वर्षीच्या चिटणीसाच्या घरातली एक पिशवी. चिटणीस बदलला की पिशवी बदलत असे, आणि प्रत्येक वेळी ती थोडी हलकी होत असे.

त्यात सांगलीचे पाणी. क्लबाची जुनी जागा शहराच्या सखल भागात होती आणि २००५ च्या महापुरात तिथले तळमजल्यावरचे कपाट पाण्यात गेले. प्रवेशअर्ज, पावतीपुस्तके आणि ड्रॉचे कागद त्यातच होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, म्हणजे ४५ फुटांच्या धोका पातळीपेक्षाही बारा फूट अधिक. तेव्हा गावभागातल्या काही जुन्या खेळाडूंच्या घरातले अल्बमही गेले. सांगलीत जुन्या कागदांची चौकशी करताना दोन्ही पुरांच्या वेळी ते कोणत्या मजल्यावर होते हे आधी विचारावे, निम्मा वेळ वाचतो.

विजेता कशाचा

शोधाला निघण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागली. ‘स्पर्धा जिंकली’ असे सांगणारा माणूस नेमके काय जिंकला होता, हे प्रत्येक नावापुढे लिहिल्याशिवाय नाव यादीत घ्यायचे नाही. सुरुवातीची वर्षे फक्त आठ-बॉलचे, म्हणजे आपल्या गटाचे सात बॉल टाकून शेवटी आठ नंबर टाकायचा त्या प्रकाराचे, सामने होत. पुढे नऊ-बॉलची, म्हणजे नऊच बॉलांनी खेळायच्या प्रकाराची, वेगळी स्पर्धा त्याच आठवड्यात घेतली जाऊ लागली. काही वर्षे सभासदांची स्पर्धा आणि खुली स्पर्धा अशा दोन होत्या. मध्यंतरी काही काळ कच्च्या खेळाडूला एक-दोन फ्रेमची, म्हणजे डावांची, आघाडी देऊन सामने खेळवले गेले, जेणेकरून तेच ते चौघे उपांत्य फेरीत दिसू नयेत. या सर्व प्रकारांतले विजेते आज एकाच शब्दाने स्वतःची ओळख करून देतात आणि त्यात कोणी खोटे बोलत नाही.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असेही नाही. अमेरिकेत टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये हौशी खेळाडूंसाठी सुरू केलेल्या लीगमध्ये, जी आज अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन म्हणून ओळखली जाते, प्रत्येक खेळाडूला कौशल्याची पातळी दिली जाते: आठ-बॉलमध्ये २ ते ७, नऊ-बॉलमध्ये १ ते ९. वरच्या पातळीच्या खेळाडूला त्याच विजयासाठी अधिक डाव किंवा अधिक गुण लागतात. तिथे पातळी आणि प्रकार न सांगता नुसते विजेतेपद सांगितले तर त्यातून फारसा बोध होत नाही. आमच्या आघाडीच्या वर्षांचेही तेच होते, म्हणून फलकावर नावापुढे ‘खुली’ अथवा ‘आघाडीसह’ असे लिहिण्याचा ठराव आधी करून घेतला. या ठरावाला सर्वांत जास्त विरोध आघाडी घेऊन जिंकलेल्यांचा होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात तो आघाडी देऊन हरलेल्यांकडून झाला. त्यांचे म्हणणे असे की आता लिहितच आहात तर किती फ्रेमची आघाडी तेही लिहा.

ढाल, बातम्या आणि मार्करची वही

हाताशी असलेली सर्वांत जुनी वस्तू म्हणजे फिरती ढाल. मधोमध पत्र्याचा मोठा उठाव, भोवती लहान पितळी पाट्या, प्रत्येक पाटी दोन बारीक खिळ्यांनी लाकडावर बसवलेली. पाट्यांवरची अक्षरे ठिपक्याठिपक्यांची आहेत, कारण ती कोरीव काम करणाऱ्याकडून करून घेतलेली नसून मारुती रोडच्या बाजूला भांड्यांवर नाव घालून देणाऱ्याकडून घातलेली आहेत. त्याचा दर अक्षरावर असे, असे एका माजी चिटणीसांनी सांगितले, आणि पाट्यांवर पूर्ण नावांऐवजी आद्याक्षरे का आहेत हे कोडे तिथेच सुटले. एका पाटीवर इंग्रजी ‘एस’ आणि पुढे पाटील इतकेच आहे. दुसऱ्या एका जागी पाटीच नाही; दोन खिळ्यांची भोके आणि पाटीच्या आकाराचा, भोवतीपेक्षा फिकट राहिलेला पॉलिशचा चौकोन तेवढा दिसतो. म्हणजे तिथे पाटी होती आणि ती पडली, हे नक्की. कोणाची, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

ढालीचा पुरावा भरवशाचा वाटतो, पण तो जिंकल्याच्या दिवशी तयार झालेला नसतो. पाटी पुढच्या वर्षीच्या स्पर्धेपूर्वी, ढाल परत आली की घातली जाई, आणि कधी कधी दोन वर्षांच्या पाट्या एकदम घातल्या जात. पाटीवरचे साल हे घालून घेणाऱ्याच्या आठवणीतले साल असते.

वर्तमानपत्रांकडून मोठी अपेक्षा होती. ई-पेपरचे अंक फार मागे जात नाहीत, त्यामुळे वाचनालयातील बांधीव खंड आणि खेळाडूंनी कापून ठेवलेली कात्रणे एवढाच आधार होता. संगणकावर शोधणाऱ्याला आणखी एक अडचण: ‘सांगली’ आणि ‘पूल’ हे दोन शब्द एकत्र दिले की कृष्णेवरच्या पुलांच्या निविदांच्या आणि पातळीच्या बातम्यांचा ढीग येतो. ‘बिलियर्ड्स’ किंवा ‘स्नूकर’ असे शोधले तर काही हाती लागते, कारण जिल्हा पानावर काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे तिन्ही खेळांना हीच दोन नावे दिली आहेत.

कात्रणांची खरी उणीव निराळीच निघाली. अंतिम सामना दिवसभराची कामे उरकून आलेल्या खेळाडूंमध्ये रात्री उशिरा सुरू होई आणि तो संपेपर्यंत जिल्हा पान छापायला गेलेले असे. म्हणून ‘अमुक आणि तमुक अंतिम फेरीत’ ही बातमी सापडते आणि दुसऱ्या दिवशीची निकालाची बातमी सापडत नाही. त्यानंतर दोन दिवसांनी येते ती बक्षीस समारंभाची बातमी. तिच्यात प्रमुख पाहुणे कोण, अध्यक्षस्थानी कोण, प्रास्ताविक कोणी केले, सूत्रसंचालन कोणी केले, उपस्थितांमध्ये कोण कोण होते हे सारे क्रमाने असते आणि विजेता शेवटच्या परिच्छेदात असतो. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. एका वर्षीच्या बातमीत आभार मानणाऱ्याचे नाव आहे आणि जिंकणाऱ्याचे नाही.

तिसरे साधन अनपेक्षित होते. बिलियर्ड्सच्या खोलीत गुण मोजणाऱ्याला, टेबल लावणाऱ्याला, क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, टोके बदलून देणाऱ्याला मार्कर म्हणतात. क्लबात दीर्घकाळ काम केलेले मार्कर आता निवृत्त होऊन कुपवाडला मुलाकडे राहतात. त्यांच्याकडे निकालांची नोंद नव्हती, पण उधारीच्या वह्या होत्या, आणि त्या माळ्यावर असल्यामुळे कोरड्या राहिल्या होत्या. टेबल कोणी किती वेळ घेतले, चहा किती झाले, पैसे आले की राहिले, याची तारीखवार नोंद त्यांत आहे. स्पर्धेच्या रात्री टेबलाचे भाडे लागत नसे, म्हणून त्या दिवशी रकमेच्या रकान्यात ‘स्पर्धा’ असे लिहून समोर दोन नावे लिहिलेली आहेत, तीही मार्करांच्या बोलण्यातल्या रीतीने: ‘बँकवाले’, ‘डॉक्टरांचे भाऊ’, ‘पाटील मिरज’. शेवटच्या रात्रीची दोन नावे म्हणजे अंतिम सामन्याचे दोन खेळाडू. जिंकले कोण हे वही सांगत नाही, पण ती त्याच रात्री, कोणताही हेतू मनात नसताना लिहिली गेली आहे. हा गुण ढालीत नाही आणि कात्रणांतही नाही.

आठवणींचा वापर

उरलेला मार्ग माणसांना विचारण्याचा. इथे एक खबरदारी घेतली नसती तर सारे काम वाया गेले असते. जुन्या खेळाडूंचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि कार्यकारिणीतील काहींचा आग्रह होता की तिथेच प्रश्न टाकावा, संध्याकाळपर्यंत यादी तयार होईल. यादी तयार झाली असती यात शंका नाही. पण कोणी एकाने ठामपणे एक नाव लिहिले की पुढचे दहा जण ‘बरोबर, मलाही आठवते’ असे लिहितात आणि मग ते नाव दहा साक्षींचे ठरते, वस्तुतः ती साक्ष एकाचीच असते. म्हणून आधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे झाले, एकाचे उत्तर दुसऱ्याला सांगितले नाही, आणि ग्रुपवर प्रश्न अगदी शेवटी टाकला.

प्रश्न विचारण्याची रीतही बदलावी लागली. ‘अमुक साली कोण जिंकले?’ याला माणूस अंदाजाने उत्तर देतो. ‘तुम्ही अंतिम सामना कोणाशी खेळलात?’ किंवा ‘हरलात तो शेवटचा डाव कसा गेला?’ याला मात्र तपशील येतात. हरलेला खेळाडू हा जिंकलेल्यापेक्षा उजवा साक्षीदार ठरतो, असा या कामातला अनुभव आहे. जिंकलेल्याच्या आठवणीत अनेक स्पर्धांची सरमिसळ होते, कारण सगळ्यांचा शेवट हारतुऱ्यांतच झालेला असतो. हरलेल्याला हुकलेला एक बॉल तिसाव्या वर्षीही टेबलावरच्या जागेसकट दिसत असतो. शिवाय ‘मी हरलो’ हे विधान स्वतःच्या फायद्याचे नसल्यामुळे त्याचे वजन आपोआप वाढते.

आठवणींवर विसंबणे म्हणजे कच्चे काम, असे कोणी म्हणेल त्याने स्नूकरचाच जन्मदाखला तपासून पाहावा. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत तरुण अधिकारी नेव्हिल चेंबरलेन याने हा खेळ बसवला ही आज सर्वमान्य गोष्ट आहे, आणि ती मुख्यतः चेंबरलेनने स्वतः १९३८ मध्ये लंडनच्या ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रावर उभी आहे. म्हणजे घटनेनंतर सहा दशके उलटल्यावर. ते पत्र टिकले ते एकट्या चेंबरलेनच्या शब्दावर नव्हे. त्या काळी हिंदुस्थानात असलेल्या इतर अधिकाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला आणि पुढच्याच वर्षी कॉम्प्टन मॅकेंझी याने लेख लिहून ते म्हणणे उचलून धरले. आठवण उशिरा लिहिली गेली हा दोष नव्हे. ती दुसऱ्या कशाशी ताडून पाहता येते की नाही, हे पाहायचे.

दोन पाटील

आता त्या पाटीकडे. ‘एस. पाटील’ या नावाचे दावेदार दोन. एक गावभागातले, आता हयात नाहीत; त्यांच्या चिरंजीवांचे म्हणणे, ढालीवरचे नाव आमच्या अण्णांचे आहे आणि लहानपणी ढाल वर्षभर आमच्या घरी होती. दुसरे मिरजेचे, हयात. ते म्हणतात, मी एकदा जिंकलो आहे, साल सांगता येणार नाही आणि फोटो वगैरे काही नाही. दोघांचीही आद्याक्षरे एकच. क्लबातली माणसे सरळ दोन गटांत विभागली गेली होती, आणि सांगली-मिरज हा जुना उभा दावा त्यात नकळत मिसळला होता हे सांगायला हरकत नसावी.

बाजू मांडण्यासाठी चिरंजीवांनी एक मोठा केलेला फोटो आणला. अण्णा टेबलावर वाकून क्यू लावत आहेत, मागे स्टुलावर ढाल आहे. मिरजेच्या बाजूच्या मंडळींनी फोटो पाहताच हरकत घेतली, कारण फोटोतला खेळाडू डावखुरा आहे आणि गावभागातले पाटील उजव्या हाताने खेळत हे सर्वांना माहीत होते. हरकत बिनतोड होती आणि चिरंजीव निरुत्तर झाले. चेहरा तर वडिलांचाच आहे, एवढेच ते म्हणत राहिले.

फोटो भिंगाखाली घेतल्यावर उलगडा झाला. पूलच्या १ ते ७ या बॉलचा रंग सलग असतो, ९ ते १५ वर पट्टा असतो, आणि प्रत्येकावर पांढऱ्या वर्तुळात आकडा असतो. आकडे फोटोत एरवी वाचता येत नाहीत, पण कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, टेबलाच्या कडेला एक पट्ट्याचा बॉल होता आणि त्यावरचा १४ आरशात दिसावा तसा उलटा होता. एकदा हे दिसल्यावर बाकीचेही दिसू लागले: सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर होता आणि बटणांची पट्टी बायकांच्या कपड्यांसारखी उलट बाजूने होती. फोटो मोठा करताना स्टुडिओत निगेटिव्ह उलटी ठेवली गेली होती. खेळाडू उजव्या हाताचाच होता. म्हणजे फोटो अण्णांचाच, हे सिद्ध झाले.

पण त्यामुळे पाटी त्यांची ठरली का? नाही. फोटो पुन्हा पाहताना ढालीकडे लक्ष गेले. पाट्या उठावाभोवती डावीकडून वरून सुरू होऊन क्रमाने बसवत आणल्या आहेत. फोटोत त्या अर्थातच उजवीकडून सुरू होतात. फोटोतल्या ढालीवर जेवढ्या पाट्या आहेत त्या सध्याच्या ढालीवरच्या ‘एस. पाटील’ या पाटीपर्यंत पोहोचतच नाहीत. त्या बरोबर रिकाम्या जागेच्या अलीकडे संपतात. विजेत्याला ढाल मिळते तेव्हा त्याची स्वतःची पाटी अजून लागलेली नसते, तेव्हा फोटोतली ढाल ज्या वर्षाची आहे त्या वर्षाची पाटी पुढच्या, म्हणजे आज रिकाम्या असलेल्या जागी लागली असली पाहिजे. अण्णा जिंकले होते ते त्या वर्षी. त्यांची पाटी पुढे कधीतरी गळून पडली, आणि उरलेल्या एकुलत्या पाटलांच्या पाटीवर घरच्यांनी सद्भावनेने हक्क सांगितला.

हे अनुमान झाले. ढाल शेजारी ठेवून कोणीही फोटो काढू शकतो. तिथे मार्करांची वही कामी आली. त्या हंगामातल्या शेवटच्या रात्रीच्या नोंदीत ‘पाटील गावभाग’ आणि ‘बँकवाले’ अशी नावे आहेत. बँकवाले, म्हणजे पूर्वी इथल्या एका बँकेत नोकरीला असलेले गृहस्थ, आता पुण्यात कोथरूडला असतात. त्यांना फोटोबद्दल, वहीबद्दल किंवा वादाबद्दल काहीही न सांगता फक्त इतके विचारले की तुम्ही अंतिम सामना कधी खेळलात का. ते म्हणाले, “एकदाच. माझे सगळे पट्टे संपले होते, फक्त आठ नंबर राहिला होता. तो कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला आणि पाटलांनी तो अलगद टाकला. मिरजेचे नव्हे, गावातले पाटील.” शेवटचे वाक्य त्यांनी आपणहून जोडले. आठ-बॉलमध्ये आपल्या गटाचे सातही बॉल संपल्यावरच काळ्या आठ नंबरवर जाता येते. तो पॉकेटच्या तोंडाशी सोडणे म्हणजे, समोरच्याचेही सात संपले असतील तर, सामना ताटात वाढून देणे, आणि असा घाव विसरला जात नाही.

मिरजेच्या पाटलांची पाटी मग त्यांचीच ठरली, पण तिच्या सालाचा प्रश्न होता. अंतिम फेरीत ‘एस. पाटील (मिरज)’ असल्याचे सांगणारे कात्रण जानेवारीतले आहे आणि पाटीवर आदले साल आहे. कारण साधे निघाले: ती काही वर्षे स्पर्धा डिसेंबरच्या अखेरीस सुरू होऊन नव्या वर्षात संपत असे. ढालीवर सुरुवातीचे साल घातले गेले, बातमीत शेवटचे आले. दोन्ही साधनांतून नावे गोळा करणाऱ्या एका जुन्या चिटणीसाच्या हस्तलिखित यादीत म्हणूनच काही विजेते लागोपाठ दोन वर्षे जिंकलेले दिसतात आणि नंतर एक वर्ष ‘स्पर्धा झाली नाही’ असा शेरा येतो, जेणेकरून बेरीज जुळावी. ती स्पर्धा न झालेली वर्षे बहुतेक कागदावरच निर्माण झालेली होती. फलकावर आता कृषी हंगामासारखे जोडसाल लिहिले आहे.

नाव छापण्याची परवानगी

नाव कळणे आणि ते भिंतीवर लावणे यांत अंतर आहे, हे कार्यकारिणीला पटवण्यात सर्वांत जास्त शक्ती खर्च झाली. नव्वदच्या दशकात पूल पार्लरला चांगल्या घरात काय म्हणत हे त्या वयाच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धुराने भरलेली खोली, पैजा, कॉलेज बुडवणारी पोरे, असाच समज होता, आणि तो सर्वस्वी निराधार होता असेही नाही. घरी न सांगता खेळलेले आणि जिंकलेले काही जण आज प्रतिष्ठित हुद्द्यांवर आहेत. म्हणून कोणाचाही फोन नंबर थेट मिळवून फोन करायचा नाही, ओळखीच्या माणसाकडून निरोप द्यायचा, आणि त्यांनी स्वतः संपर्क साधला तरच पुढे बोलायचे, अशी पद्धत ठेवली. बहुतेकांना आनंदच झाला. एका माजी विजेत्याने मात्र नाव नको असे स्पष्ट कळवले आणि कारण सांगितले नाही. ते विचारलेही नाही. त्या ओळीत साल आणि प्रकार लिहून पुढे ‘नाव विजेत्याच्या इच्छेनुसार दिलेले नाही’ असे लिहिले आहे. ती ओळ मोकळी सोडावी अशी सूचना आली होती, पण मोकळ्या ओळीत पुढेमागे कोणीतरी हौसेने नाव भरतो.

हयात नसलेल्यांच्या बाबतीत घरच्यांची संमती घेतली. अण्णांच्या चिरंजीवांना त्यांच्या वडिलांची पाटी वेगळी होती हे सांगताना थोडे अवघड वाटले होते. त्यांनी सारे ऐकून घेतले, भिंगातून १४ चा आकडा स्वतः पाहिला आणि विचारले, “मग मिरजकरांचं नाव आमच्यामुळे इतकी वर्षं अडकून राहिलं म्हणायचं का?” नंतर ते स्वतःहून मिरजेला जाऊन भेटून आले.

आजची स्थिती

फलकावरची प्रत्येक ओळ ज्या पुराव्यावर उभी आहे तो पुरावा वेगळ्या नोंदवहीत लिहिला आहे. त्याच काळातली लेखी नोंद आणि स्वतंत्र साक्ष दोन्ही मिळाल्या तिथे नाव निश्चित मानले. एकच मिळाले तिथे नावापुढे फुली आहे आणि फलकाच्या तळाशी फुलीचा अर्थ दिला आहे. काहींना ही फुली अपमानास्पद वाटते. त्यांना आवाहन केले आहे की कात्रण, फोटो, प्रशस्तिपत्र, काहीही आणून द्यावे, फुली त्याच दिवशी पुसली जाईल. आणि एक पुसली गेलीही, कारण संबंधितांच्या सौभाग्यवतींनी बक्षिसाचा थर्मास जपून ठेवला होता आणि त्याच्या बुडाशी स्पर्धेचे नाव व साल घातलेले होते.

एका हंगामाचा निकाल मात्र लागला नाही. उपांत्य फेरीपर्यंतच्या नोंदी वहीत आहेत, पुढे पाने कोरी आहेत, ढालीवर पाटी नाही आणि पाटी पडल्याची खूणही नाही. अंतिम फेरीतल्या दोघांना संयुक्त विजेते घोषित करून विषय मिटवावा, असा प्रस्ताव आला. त्या दोघांपैकी एकानेच तो फेटाळला: सामना झालाच नाही, दिवे गेले होते, नंतर खेळू म्हणून ठरले आणि राहून गेले, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्याला यातले काही आठवत नाही. त्या ओळीत ‘अंतिम सामना झाल्याची नोंद नाही’ असे लिहिले आहे.

नोंदवहीची मूळ प्रत पहिल्या मजल्यावर आहे, छायाप्रती दोन सभासदांकडे आहेत, आणि दोघांचीही घरे पूररेषेबाहेर आहेत याची खात्री करून घेतली. प्रवेशअर्जात आता पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि गाव लिहिणे सक्तीचे केले आहे. नऊ-बॉलच्या विजेत्यांची यादी अद्याप झालेली नाही. त्या स्पर्धेला कधी ढालच नव्हती, बक्षीस रोख दिले जाई, आणि त्यामुळे तिथे उधारीची वही व हरलेल्यांची आठवण एवढ्याच दोन आधारांवर सुरुवात करावी लागणार आहे.